रंभाबाईंचा चहा

रंभाबाईंच्या चहाच्या कपाच्या तळाशी पांढरी पूड होती आणि तिच्यात गुलाबी आवरणाचा एक तुकडा, एका कडेनं गोल. मी गरम पाणी ओतून ढवळलं. साखर असती तर विरघळली असती. ही पुन्हा तळाशी बसली.

"गोळी आहे," मी म्हटलं. "कुटलेली."

"बघ वसुंधरा, मी म्हटलं नव्हतं?" हुस्नबानो खुर्चीतून अर्धी उठली आणि गुडघा धरून परत बसली. "सुनेचंच काम."

पार्किंगमधला पेट्रोलचोर आम्ही दोघींनी पकडल्यापासून तिला संशयाची चटकच लागली होती. रोडपालीच्या आमच्या इमारतीत तिचं दार रंभाबाईंच्या समोर. सून कोमल कामावर गेली की दुपारी रंभाबाईंना जेवायला वाढायचं म्हणून किल्ली हिच्याकडे. हल्ली त्या जेवायला उठतच नव्हत्या, म्हणून आज हुस्नबानोनं त्यांचा सकाळचा कपच माझ्याकडे उचलून आणला होता. जासईचा प्लॉट त्यांच्या नावावर, त्यामुळे हुस्नबानोनं हेतूसुद्धा शोधून ठेवला होता.

रविवारी आम्ही कप रंभाबाईंच्या मुलासमोर, धनेशसमोर ठेवला. रंभाबाई खिडकीशी बसल्या होत्या. आम्हाला बघून हसल्या. नावं काही आठवली नाहीत.

धनेश कपाकडे बघत राहिला. उत्तर कोमलनं दिलं.

"मीच घालते, मावशी. त्यांच्या झोपेच्या गोळ्यांतली अर्धी." तिचा आवाज चढला नाही. "कुलूप लावून गेले की ग्रील हलवत ओरडतात. उघडं ठेवलं की पूर्वी कामाला जायच्या त्या मिठागरावर निघतात. गेल्या महिन्यात कंटेनर ट्रकच्या रांगेत सापडल्या, अनवाणी. तुम्ही बसाल दिवसभर त्यांच्याजवळ?"

हुस्नबानोनं माझ्याकडे पाहिलं. तिचा गुडघा, माझी कंबर.

"रोज देणं धोक्याचं आहे," शेवटी मी म्हटलं. ते खरं होतं आणि कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

"मग नाही देत. उद्या काय करू? ह्यांना विचारा. दिवाळीपासून मी विचारतेय."

रंभाबाई उठून दाराकडे निघाल्या. "चला गो, मीठ ओढायचं हाय."

धनेश आईसमोर खाली बसला. तिचा एकेक पाय उचलून त्यानं चपलेत सरकवला. मग मान वर न करता म्हणाला,

"आईला वृद्धाश्रमात ठेवतो."