सरबताचा कारखाना

“तुमच्याकडून कोण येणार आहे रविवारी?” चैतालीनं विचारलं, आणि मथुराबाईच्या हातातली सुरी सालीत जरा खोल गेली.

नारिंगी सालीखालचं पांढरं उघडं पडलं. ते पांढरं अर्कात उतरलं की सगळी चव कडू होते. म्हणून संत्र्याच्या अंगावरून नुसता रंग तेवढा काढून घ्यायचा, निजलेल्या लेकराच्या अंगावरची दुलई अलगद ओढावी तसा. मथुरेनं ती साल बाजूला टाकली.

“कोणी नाई येत बाई.”

“असं कसं? सगळ्यांच्या घरचे येतायत. माझे बाबासुद्धा. आणि ते तर लोकांना अजून सांगतात, मुलगी तीर्थप्रसाद खात्यात आहे म्हणून!”

मथुरा हसली. पण हसले ते नुसते ओठ.

खडकीच्या पुढे जुन्या शेडांची रांग आहे, तिच्या शेवटाला ही जिनची भट्टी. पुण्याची माणसं सुट्टीच्या दिवशी सिंहगडावर भजी खायला जातात तशी हल्ली तिकीट काढून इथं यायची. चैताली त्यांना फिरवायची. तांब्याचं भलंमोठं भांडं दाखवायची, धणे, गवती चहा, जुनिपरची काळी-निळी फळं हातावर देऊन हुंगायला लावायची आणि शेवटी काचेच्या खोलीत बसवून घोट घोट चाखायला द्यायची. वाटेत मथुरेचं टेबल लागायचं. पाहुणे तिच्या हातांचे फोटो काढायचे. “मथुराबाई, म्हणा ना एखादी ओवी,” चैताली म्हणायची, मग मथुरा संत्र्यांच्या बागेची एखादी ओवी म्हणायची आणि टाळ्या पडायच्या. या रविवारी तिकीटवाले नव्हते. कारखान्याचा वाढदिवस होता, म्हणून मालकांनी कामगारांच्या घरच्या माणसांना बोलावलं होतं.

आणि नेमकी घरी मुक्ताई आलेली.

मुक्ताई म्हणजे मथुरेची वऱ्हाडातली शेजारीण. भिंतीला भिंत, चुलीला चूल. डोळ्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा मथुरेनंच फोनवर फोन करून तिला पुण्याला बोलावून घेतलं होतं. ऑपरेशन छान झालं. आता डोळ्यांवर काळा चष्मा लावून मुक्ताई दिवसभर खोलीच्या दारात बसायची आणि संध्याकाळी मथुरा आली की तिचे हात नाकाशी धरायची.

“कितीक धुतले तरी जात नाई वं वास. बाग आल्यासारखी वाटते घरात.”

“सोलतो ना दिवसभर.”

“सरबत लई खपत असन तुमचं.”

“खपते,” मथुरा म्हणायची आणि भाकरी थापायला वळायची.

पुण्यात आल्यावर पहिल्याच फोनला तिनं तोंडाला आलं ते सांगून टाकलं होतं, सरबताचा कारखाना. नवऱ्याला, महिपतीला, एका गोदामावर पहारेकऱ्याचं काम लागलेलं, खोलीचं भाडं डोक्यावर आणि मथुरेला येत होतं काय, तर संत्रं. पगार वेळेवर मिळत होता, माणसं चांगली होती. पण हे मुक्ताईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

कारण गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं ते मथुरेनंच. तिच्या स्वतःच्या घरात कोणी पीत नव्हतं, महिपती चहासुद्धा बशीभरच घ्यायचा. ती बाहेर पडली ती मुक्ताईसाठी. मुक्ताईचा नवरा भीमराव, दारू नसली की देवमाणूस. पण ती नसायची अशी वेळच यायची नाही. गावात बायकांचं मतदान लागलं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. मथुरा आणि मुक्ताई दारोदार हिंडल्या. वाचता न येणारीलाही समजावं म्हणून मथुरेनं ओवी बांधली होती:

*बाटली निजव वं बाई, आडवी अंगणात,*
*उभं राहू दे माणूस, माह्या सखीच्या दारात.*

आडवी बाटली जिंकली. दुकानाला कुलूप लागलं. बायकांनी गुलाल उधळला, आणि दुसऱ्या दिवसापासून भीमराव नदीपलीकडच्या गावाला जाऊन प्यायला लागला. माघातल्या एका रात्री तिकडून येता येता बांधाशी पडला, तो उजाडल्यावरच सापडला, थंडगार. दुकान गावात असतं तर निदान घरापर्यंत पोचला असता, असं कोणी म्हणालं नाही. मुक्ताई तर मुळीच म्हणाली नाही. पण मथुरेनं ती ओवी पुन्हा कधी गळ्यात येऊ दिली नाही.

आणि आता तीच मथुरा पुण्यात बसून दारूसाठी संत्री सोलत होती. हे कळलं तर मुक्ताई भांडणार नव्हती, रडणार नव्हती. ती नुसती गप्प होईल. आणि मुक्ताई गप्प झाली की मथुरेचं गाव संपलं.

रविवारी सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली आणि आधी महिपतीची पांढरी टोपी दिसली. मग काळा चष्मा.

मथुरा धावत गेली. मुक्ताई पदर सावरत उतरत होती, तेवढ्यात मथुरेनं नवऱ्याला बाजूला घेतलं. “अवो, हे काय केलं तुम्ही?”

“शेजारच्या पोरानं मोबाईलातला बोलावण्याचा मेसेज वाचून दाखवला. हिनं ऐकला. म्हणे, मथुरेचा कारखाना पाहून येऊ.”

“मंग सांगायचं न काईतरी!”

“काय सांगू? खोटं तू बोलली. मले कुठी पाठ आहे?” असं म्हणून महिपती फाटकावरच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारायला निघून गेला.

मुक्ताईनं नवं लुगडं नेसलं होतं. केसांना तेल, हातात रुमाल. लग्नाला आल्यासारखी ती सगळीकडे बघत होती. “केवढं मोठं वं, मथुरे! अन् तू सांगत नाई कधी!”

चैतालीनं माणसं गोळा केली. तिचे बाबा, नारायण पेठेतले श्रीनिवासराव, पाठीमागे हात बांधून सगळ्यांच्या पुढे उभे. कडक इस्त्रीचा सदरा आणि तितकाच कडक चेहरा. मथुरेला टेबलाशी जावंच लागलं. तिथून तिला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. हात सोलत होते, कान तिकडे लागले होते.

“हा बंब आहे,” तांब्याच्या भांड्यापाशी श्रीनिवासराव म्हणाले.

“बाबा, स्टिल म्हणतात त्याला.”

“काही म्हणा. आमच्या न्हाणीघरात होता. फक्त त्यात आंघोळीचं पाणी तापायचं आणि तो बघायला कोणी येत नसे.”

लोक हसले. मुक्ताईही हसली. तिनं पुढे होऊन भांड्याला हात लावून पाहिला. “यातून काय निंघते वं पोरी?”

“जिन, आजी.”

“म्हंजे?”

चैताली अडखळली. रोजच्या पाहुण्यांना हे कधी सांगावं लागत नसे. “म्हणजे... वनस्पतींचा अर्क असतो, त्यात—”

“दारू, बाई,” श्रीनिवासराव म्हणाले. “चांगल्या घरातली झाली तरी दारूच.”

पुन्हा हशा झाला. या वेळी मुक्ताई हसली नाही. तिनं भांड्यावरचा हात काढून घेतला. मग काळा चष्मा सावकाश वळला आणि शेडभर फिरत फिरत मथुरेच्या टेबलावर येऊन थांबला. चष्म्याआडचे डोळे काय म्हणत होते ते मथुरेला दिसेना. आयुष्यभर तिनं ते डोळे वाचले होते. आज काचेवर नुसती खिडकी दिसत होती, आणि खिडकीतलं ऊन.

माणसं टेबलाशी आली. “आणि या आमच्या मथुराबाई,” चैताली म्हणाली. “आमच्या जिनला जो संत्र्याचा वास आहे ना, तो यांच्या हातचा. मथुराबाई, आज तर घरचीच माणसं आहेत. होऊन जाऊ द्या ओवी.”

मथुरेनं तोंड उघडलं. बागेची ओवी, रोजची, झोपेतही म्हणता येईल अशी. पण गळ्याशी आली ती ती नव्हतीच. दुसरीच आली, इतक्या वर्षांची मिटून ठेवलेली, आणि दातांशी येऊन अडली. मथुरा पुन्हा सालीवर सुरी फिरवायला लागली.

“लाजतायत आज,” चैताली म्हणाली.

“हिचा गळा लई गोड,” मुक्ताई एकदम बोलली. “हिच्या गाण्यावर आम्ही गावात इलेक्शन जिंकलं होतं.”

“हो? कसलं इलेक्शन, आजी?”

मथुरेच्या हातातली साल गळून पडली.

मुक्ताईनं रुमालानं ओठ टिपले. “असंच,” ती म्हणाली. “बायांचं.”

आणि ती पुढे चालू लागली.

काचेच्या खोलीत लांब टेबलावर अंगठ्याएवढे पेले मांडले होते. कामगारांनाही आत बोलावलं. मथुरा मुक्ताईशेजारी बसली, पण मध्ये एक वीत जागा राहिली. ती तिनं ठेवली नव्हती आणि मुक्ताईनंही ठेवली नव्हती.

“आजी, तुमच्यासाठी हे. संत्र्याचं सरबत,” चैतालीनं उंच ग्लास पुढे ठेवला.

मुक्ताईनं ग्लासाकडे पाहिलं. “म्हंजे सरबत बी आहे,” ती हळूच म्हणाली.

मथुरेची मान खाली गेली. “मुक्ते, मी...”

“पेऊ दे सरबत.”

चैताली सांगत होती तसं लोक करत होते. आधी हुंगायचं, मग जिभेवर घोळवायचं. गोदामातल्या पोराची आई तोंड वाकडं करून हसत सुटली. कोणाची तरी सून म्हणाली, छान आहे. श्रीनिवासरावांनी पेला उजेडात धरला, एक घोट घेतला आणि विचार केला.

“खोकल्याच्या औषधापेक्षा बरी आहे.”

“बाबा, हे कौतुक समजू ना?”

“मी एवढंच करतो,” ते म्हणाले आणि अर्धा पेला टेबलावर ठेवून दिला. मग चष्मा पुसत शेजाऱ्याशी कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या सिग्नलबद्दल बोलायला लागले.

मुक्ताईचं सरबत तसंच होतं. ती त्या अर्ध्या पेल्याकडे बघत होती. श्रीनिवासरावांकडे बघे, पुन्हा पेल्याकडे. बराच वेळ गेला. त्यांचा हात काही परत तिकडे गेला नाही.

“उरली वं त्याइची,” ती मथुरेला म्हणाली.

“हो.”

“पेतीन मंग?”

“नाई. ठेवली त्यांनी. आता घरी जातीन, जेवतीन.”

“सगळेच?”

“सगळेच.”

मुक्ताईनं काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नको म्हटलं होतं तरी काढला. नव्या डोळ्यात पाणी होतं, ते औषधाचं की कशाचं कोण सांगणार. ते डोळे मथुरेच्या तोंडावर येऊन थांबले. त्यांत राग शोधत मथुरा आतपर्यंत गेली आणि तिथं तिला राग सापडला नाही. तिथं नुसता एक प्रश्न होता, लहान लेकराचा असतो तसा.

“असं ठेवून देता येते काय वं, मथुरे?”

मथुरेनं त्या अर्ध्या पेल्याकडे पाहिलं.

“मले वाटे, एकडाव गळ्याखाली गेली का मंग माणसाच्या हातात काईच राहत नाई. त्याचा काय गुन्हा, असं म्हणत म्हणत दिवस काढले मी. बूच चाटे तो. रिकामी बाटली उलटी धरून बसे.” तिनं बोटानं पेला दाखवला. “अन् हे पाह्य. अर्धा ठेवला अन् सिग्नलचं बोलून राह्यले.”

“मुक्ते, मीच दुकान बंद...”

“त्याचं नको बोलू.” मुक्ताईनं मध्येच हात वर केला. मग तोच हात खाली आला तो मधल्या वीतभर जागेत येऊन पडला. “तू खोटं काहून बोलली, ते सांग.”

“तू बोलणं टाकशीन म्हणून.”

“टाकलं असतं,” मुक्ताई म्हणाली. मग सरबताचा ग्लास जवळ ओढून म्हणाली, “चार दिवस.”

बाहेर फोटोसाठी गडबड सुरू झाली होती. प्रत्येक घराला एक छोटी बाटली भेट मिळाली, गळ्याला नारिंगी फीत बांधलेली. लोक आपापली बाटली हातात धरून केस सारखे करत होते. महिपतीलाही फाटकावरून ओढून आणलं, तो टोपी काढावी की ठेवावी या विचारात मागे उभा राहिला.

मुक्ताईनं बाटली हातात घेतली. वजन केल्यासारखी तोलली. फीत बोटानं सरळ केली. मग ती बाहेर मांडलेल्या टेबलावर ठेवली, आडवी.

चिठ्ठीवरच्या चित्रातली बाटली जिथल्या तिथे पडून असायची. ही गोल होती, घरंगळली. टेबल जरा उतरतं असावं. हळूहळू कडेकडे निघाली. मथुरेनं पुढे होऊन हात लावला. साल काढून काढून चिरा पडलेल्या, नारिंगी रंग मुरलेल्या तिच्या तळव्याला टेकून बाटली थांबली. थांबली आणि दुसऱ्या बाजूला डुलायला लागली, तेव्हा तिकडून मुक्ताईनं हात लावला.

“मथुराबाई, आजी, इकडे बघा!” चैताली फोन डोळ्यांसमोर धरून ओरडली. “सगळ्यांच्या दिसतायत, तुमचीच दिसत नाहीये. बाटली उभी धरा ना जरा!”

दोघींनी मान वर करून फोनकडे पाहिलं. हात मात्र कोणी उचलला नाही.