बिनबुडाचं ताटाळं

मोहनाचं स्वयंपाकघर एवढंसं, की फ्रिजचं दार उघडायचं तर आधी स्वतः बाहेर जावं लागे. सयाजीगंजमधल्या त्या फ्लॅटमध्ये ती आणि तिचा नवरा तन्मय मजेत राहत होते. पण गौरी मात्र दरवर्षी अलकापुरीत, थोरल्या जाऊबाई मुग्धावहिनींकडे बसत. तिथलं स्वयंपाकघर रिक्षा फिरेल एवढं. मोहनाने तिथे जायचं, भाज्या चिरायच्या आणि परत यायचं, एवढाच धाकट्या सुनेचा मान.

यंदा मुग्धावहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. "हॉल घेऊ, केटररला सांगू," असं त्या म्हणाल्या आणि मोहनाच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे बसवू या ना!"

सासूबाई, म्हणजे प्रतिमाताई, रागावल्या नाहीत. त्यांनी कीव केली, ते जास्त झोंबलं. "अगं, दोन पंगती उठणार. तुझा ओटा तो केवढा! पहिल्या पंगतीची ताटं वाळवशील कुठे? डोक्यावर?"

प्रश्न खोटा नव्हता. या घरात गौरीच्या जेवणाला कागदी थाळ्या चालत नसत, आणि फडक्याने पुसलेल्या ताटात वाढत नसत. ताट आपलं आपण निथळून कोरडं व्हायला हवं. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोडायची कोणाची छातीही नव्हती.

"मला थोडे दिवस द्या, आई. नाही जमलं तर हॉल आहेच."

राग आला की मोहनाचं डोकं फार छान चालतं. भांडी घासता घासता तिने वर पाहिलं. नळापासून छतापर्यंत भिंत नुसती मोकळी! आणि ही बाई इतकी वर्षं भांड्यांच्या टोपल्याला अर्धा ओटा देऊन बसली होती. तिला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी ती दांडिया बाजारात, स्टीलच्या दुकानात. सिंकच्या रुंदीचं ताटाळं हवं. वर ताटं उभी, खाली वाट्या-फुलपात्रं पालथी, आणि बुडाला काहीच नको.

"बेन, नीचे ट्रे तो जोईए ने!" गुजराती दुकानदार हटून बसला. "पाणी क्यां जशे?"

"सीधुं सिंकमां. ट्रे रोज कोण धोशे? तमे?" पाणी सरळ सिंकमध्ये पडलं की रोज धुवायला ट्रेच नको, हा तिचा हिशेब.

ताटाळं भिंतीवर चढलं, आणि पहिल्याच दिवशी पाणी मागे सरकून भिंतीवरून ओघळलं ते थेट शेगडीखाली. "वा! घरात धबधबा," तन्मय म्हणाला. मग त्यालाच ताटाळं धरून उभं राहावं लागलं. मोहनाने खालचे स्क्रू सैल केले, मागे लाकडाचे ठोकळे सारले. ताटाळ्याची खालची बाजू पुढे आली आणि थेंब मुकाट्याने सिंकमध्ये पडू लागले.

गौरी आल्या. जेवणाच्या दिवशी पहिली पंगत उठली आणि ताटांची चळत सिंकपाशी येऊन आदळली. मोहनाने ती घासली, शेवटचं पाणी कढत घेतलं, एकेक ताट वर उभं केलं, पंखा लावला. ओटा पूर्ण मोकळा! तिथे तिने पुरणपोळ्या लाटायलाही घेतल्या.

थोड्या वेळाने प्रतिमाताई दारात आल्या. दोघींना आत जागा नव्हतीच. त्यांनी हात लांब करून एक ताट काढलं, उलटं केलं, काठाखालच्या खाचेतून अंगठा फिरवला. मोहनाचं लाटणं थांबलं. मग दुसरं ताट, तिसरं. अंगठा कोरडाच.

"चला रे," त्या बाहेर ओरडल्या, "दुसरी पंगत बसवा!"

मोहनाला वाटलं, पोळी तव्यावर टाकून नाचावं.

मुग्धावहिनी लंगडत येऊन वर बघत राहिल्या. "दुकानाचा पत्ता दे गं."

"वहिनी, तुमच्याकडे तर जागाच जागा!"

"डोंबलाची जागा! ओटा कायम भांड्यांनी भरलेला."

विसर्जनाच्या दिवशी प्रतिमाताईंनी गौरींचे मुखवटे जुन्या रेशमी साडीत गुंडाळून पेटीत ठेवले. तन्मयने पेटी उचलली. "अलकापुरीला सोडून येतो."

प्रतिमाताईंनी मुग्धावहिनींकडे पाहिलं. त्यांनी हसून मान डोलावली.

"ठेव खाली," प्रतिमाताई म्हणाल्या. "मोहना, पेटीला माळ्यावर जागा आहे ना? आता ती इथेच राहील."

माळा तर बॅगांनी गच्च भरलेला होता.

"आहे की, आई!" म्हणत मोहना स्टुलावर चढली आणि एकेक बॅग खाली तन्मयच्या अंगावर फेकू लागली.