पाय धुणारं घंगाळ

मी एक जुनं पितळी घंगाळ आहे, मित्रांनो, आणि माझ्यात एकदा हत्तीनं अंघोळ केली होती. बरं, सोंड बुडवली होती. बरं बाबा, हत्ती माझ्या शेजारून गेला होता! पण मी तेव्हा असा झळकत होतो, की त्यानं वळून पाहिलं.

दख्खनमधून एका शिपायाच्या सामानात मी ग्वाल्हेरला आलो. कितीतरी पिढ्या माझ्यातल्या ऊन पाण्यानं न्हाल्या. मग घरात गीझर आला आणि मी गेलो भंगाराच्या हातगाडीवर. तिथून मल्हाररावांनी मला सोडवलं. ते ख्रिस्ती. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी हरिशंकरपुरमच्या त्यांच्या घरी सगळं कुटुंब जमे. प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून इथं थोरल्यानं धाकट्याचे पाय धुवायचे. जगाच्या उलटी रीत!

मल्हारराव गेले. मागे दोन मुली, थोरली सीमंतिनी आणि धाकटी पद्मा. सीमंतिनीच्या शिखाला लहानपणी फिट्स येत. हे तिनं एकट्या पद्माला सांगितलं होतं. पद्मानं ते मुलाकडच्यांच्या कानावर घातलं आणि शिखाचं ठरलेलं लग्न मोडलं. बहिणींचं बोलणं बंद झालं. मी माळ्यावर काळवंडत पडलो.

यंदा शिखानंच मला खाली उतरवलं, चिंचेनं घासलं.

"आई, मावशी को मैंने बुलाया है."

पद्मा आली. खुर्चीवर बसली, पण पाय साडीत लपवले. "माझे नको, ताई. मी यहूदा आहे."

"दगा देणाऱ्या त्या शिष्याचेही धुतले होते प्रभूनं," सीमंतिनी म्हणाली. "पाय पुढे कर."

तिनं पद्माचे पाय माझ्यात ठेवले. शपथेवर सांगतो, माझ्यातलं पाणी त्या क्षणी आपोआप कोमट झालं. एप्रिलची गरमी होती, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

"टाचा बघ! किल्ला अनवाणी चढून आलीस का?"

पद्मा हसता हसता रडू लागली. "लग्न तर मोडलंच ना गं, ताई."

"मोडलं. मी विसरले नाहीये. पण मला माझी बहीण परत हवी आहे."

शिखा टॉवेल घेऊन खाली बसली.

"शिखा, चुकलं गं माझं."

"बहुत रोई थी मैं, मावशी," पाय पुसत ती म्हणाली. "अब हिलो मत."

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगतो, ही मात्र अगदी खरी. आंबट माझ्यात साठवून ठेवलं तर ते कळकतं, विष होतं. त्याच आंबटानं मला घासलं तर मी झळकतो. तेव्हा मनात आंबट साठवू नका. आणि घरी जुनं घंगाळ असेल, तर ते माळ्यावरून उतरवा. कुणाचे तरी पाय धुवायचे राहिले असतील.

हत्तीचे असले तरी चालतील.