फवारा तर येत होता

सकाळी अकरा वीसला गॅरेजच्या रंगखोलीत पेंटरचा श्वास अडकला. पांढऱ्या गाडीचं डावं दार अर्धं रंगवून झालं होतं. स्प्रे गन खाली ठेवून त्यानं खिशातला दम्याचा निळा पंप तोंडाला लावला. दोनदा, चारदा, मग मोजणं सोडलं. छाती काही सुटेना. शेवटी शेठनं त्याला गाडीत घालून दवाखान्यात आणलं आणि बायकोला फोन केला.

अर्ध्या तासानं वाफेचा मास्क उतरवून नर्सनं तो पंप हातात घेतला.

"काका, हा उघडला कधी?"

"झाले असतील तीन महिने. पण भरलेला आहे. फवारा बघा की कसा येतोय."

"रोज किती वेळा मारता?"

"चार-पाच."

"मग औषध दीड महिन्यातच संपलं. यात दोनशेच फवारे असतात. पुढे निघतो तो नुसता गॅस."

पेंटरला ते पटेना. सव्वीस वर्षं तो फवाऱ्यावरून माल ओळखत आला होता. रंग संपत आला की गन थुंकायला लागते. हा पंप एकदाही थुंकला नव्हता.

"जगाच्या गाड्या चकाचक करतात," बायको नर्सला म्हणाली, "आणि स्वतःच्या छातीत हवा भरत बसले! नवा आणा म्हटलं, तर म्हणे, तुला काय कळतं फवाऱ्यातलं."

"पुरे गं आता."

"बोलता येतंय ना? मग बरे आहात."

डॉक्टरांनी त्याला श्वासाचा जोर मोजायच्या यंत्रात फुंकायला लावलं, नव्या पंपाचं औषध देऊन वीस मिनिटांनी पुन्हा. आकडा वाढला.

"औषध लागू पडतंय," ते म्हणाले. "पण तुमचा दमा उसळतो तो रंगाच्या वाफेनं. ती रोज छातीत जाणार असेल, तर पंप किती पुरा पडेल?"

"चांगला मास्क लावीन, साहेब. दुसरं काही येत नाही मला."

डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय रंगखोलीत पाऊल टाकायचं नाही, असं शेठ बजावून गेला होता. डॉक्टरांनी छापील फॉर्म ओढून वय लिहिलं, काम लिहिलं. शेवटची ओळ होती, 'सध्याच्या कामास योग्य / अयोग्य. नको तो शब्द खोडावा.' तिथं पेन टेकलं, तोच वॉर्डातून बोलावणं आलं.

फॉर्म टेबलावरच राहिला. बायकोनं मान वाकडी करून तो वाचला.

"काय खोडतील हो?"

पेंटर नखाखालचा पांढरा रंग कोरत राहिला.

दुपारी दीडपर्यंत दोन्ही शब्द तसेच होते.