हसीनानं मोजलेली जनावरं

ये पोरी, बस. वही मिट आधी. मोठा निबंध लिहायचाय अन् सुरुवातच होऊन न्हाई राहिली, व्हय? मग आमच्या हसीनाची गोष्ट सांगतो. मी चौथी नापास, पण ही माझ्या डोळ्याम्होरं झालेली हाय.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पाठच्या दुष्काळातली. हसीना म्हंजी पाशामियाँची लेक. पाशामियाँ बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा. पोरगी दहावीला. मास्तर म्हणले, "जिल्ह्याची निबंध स्पर्धा हाय. वीस पानं लिही. पुस्तकातलं उतरवू नको, हिंडून माहिती काढ. नंबर आला तर लातूरला वसतिगृहात जागा." पोरीला म्होरं शिकायची तेवढीच वाट होती.

तिनं विषय घेतला, आमच्या गावची देवणी जातीची गाई-बैलं. कागद घेऊन दारोदार. "काकू, जनावरं किती? नावं काय?"

आता दुष्काळात सरकारी चारा मिळायचा तो जनावरामागं. कागदवालं कुणी दारात आलं की गावाला वाटायचं, नव्या जिल्ह्याची यादी चाललीय. एक बैल असला की तीन सांगितले. शेषेरावनं तर सासऱ्याच्या म्हशी बी घुसडल्या!

पोरगी खुश. घरी जाऊन बापाला वाचून दाखवलं. पाशामियाँ पोट धरून हसला. "बेटा, गावात इतके बैल असते, तर तेरा बाप मक्ख्या मारत बसला असता का?"

हसीनाचं तोंड उतरलं. "अब्बा, दहा पानं झालीत माझी."

"फाड."

"अन् वसतिगृह?"

बापानं हसू आवरलं. मग हळूच म्हणला, "उद्या गोठे बघ जाऊन. केरबामामाला ने संगं."

केरबामामा म्हंजी मीच. गेलो. पयलं घर भामाबाईचं. तिनं आदल्या दिवशी आपल्या चंद्री गाईचं लई वर्णन केलतं, काळ्या तोंडाची, नुसती हाक मारली तरी पान्हा सोडणारी. गोठा झाडलेला, सारवलेला. दावं धुऊन खुंटीला टांगलेलं. चंद्री न्हाई.

भामाबाई म्हणली, "चाऱ्यासाठी खोटं न्हाई बोलले गं. देवणी गावच्या बाजारात इकली तिला. पण तू नाव विचारलंस, अन् तोंडातून हायच निघालं."

हसीना तिथंच गोठ्यात बसली. तिनं कागद पालथा केला. "काकू, कशी होती चंद्री?"

तिथून निबंध नव्यानं सुरू झाला. घराघरात तेवढंच विचारलं, कशी होती. मग कुणी खोटं बोललं न्हाई. शेषेराव बी न्हाई. गडी उपरण्यानं नाक पुसून राहिला.

नंबर आला. लातूरला निघायच्या दिवशी पोरीच्या पेटीची कडी तुटकी. एसटी हॉर्न वाजवून राहिली, अन् भामाबाई पळत आली. हातात चंद्रीचं दावं. पेटीला दोन येढे घालून अशी गाठ मारली, म्हणली, "आता सुटत न्हाई."

तर पोरी, तू बी नुसतं किती किती करू नको, कसं होतं ते विचार. पण त्या हिंडण्यात एक राहूनच गेलं बघ. सगळ्यांचे गोठे बघितले, माझाच राहिला. हरण्या नाव होतं माझ्या बैलाचं. डावं शिंग जरासं वाकडं. उघड वही, अन् पयलं त्याचं नाव लिही.