हात कुणाचा

त्यांना सगळे फोटोताई म्हणत, डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत. खरं नाव हजेरीपटावर असायचं आणि पगाराच्या दिवशी सहीपुरतं बाहेर यायचं. दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीपासून लांब, बोळाच्या टोकाला एक्स-रेची खोली होती. दाराला आतून शिशाचा पत्रा, दारावर लाल दिवा. दिवा लागला की आत कुणी यायचं नाही, अगदी मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा.

एकोणीस वर्षं त्या खोलीत काढल्यामुळे फोटोताईंची एक खोड झाली होती. चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत, हाडं राहायची. बाजारात कुणी नमस्कार केला की त्या ओळख न पटून कसनुसं हसायच्या, आणि तो माणूस लंगडत चार पावलं पुढे गेला की म्हणायच्या, "अगं बाई, हा तर डावा घोटा!"

मंगळवारी वयाचे फोटो असत. ज्यांची जन्माची नोंद नाही, त्यांना वयाचा दाखला दवाखान्यातून मिळे, आणि मुलींचे असे दाखले बहुतेक लग्नासाठीच लागत. अठराच्या आत लग्न नाही, हा कायदा सगळ्यांना पाठ होता. दाखला काढायचा म्हणजे मनगटाचा फोटो. लहान मुलाच्या हाडाचं टोक हाडापासून सुटं दिसतं, मध्ये काळी रेघ असते. वय वाढतं तशी ती रेघ बुजत जाते. रेघ मिटलेली दिसली की डॉक्टर सही करत.

त्या मंगळवारी शेवटचा फोटो पडद्यावर आला आणि फोटोताईंचा चहाचा कप हातातच राहिला. हाताची करंगळी मधल्या पेरात वाकडी जुळलेली होती. तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, तांदळाच्या कणीएवढा पांढराशुभ्र ठिपका होता. ते तुटलेल्या सुईचं टोक होतं. हा हात त्यांनी पाहिला होता. नाव मात्र वेगळं होतं.

आधी वाटलं, प्लेट नीट पुसली गेली नसेल. जुन्या प्लेटवर कधी कधी आधीच्या माणसाची सावली राहते. त्यांनी प्लेट पुसली, रिकामीच यंत्राखाली ठेवून फोटो काढला. पडदा कोरा आला.

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि वर्षभरातले वयाचे सगळे फोटो एकामागून एक उघडले. चाळीसेक हात होते. त्यांतल्या सहा हातांची करंगळी वाकडी होती, सहांच्याही तळव्यात सुईचं टोक होतं. नावं सहा, गावं सहा, बापांची नावंही सहा.

ते सहा फोटो त्यांनी तारखेप्रमाणे लावले. पहिल्या तीन नावांचं मनगट धडधाकट होतं. चौथ्या नावाच्या हाताला मनगटाच्या वर ताजी चीर होती. पाचव्या नावात ती चीर जुळत आली होती. सहाव्या नावात तिथे नुसता उंचवटा उरला होता. मोडलं एकीचं, भरून आलं दुसरीचं.

फोटोताईंनी आठवायचा खूप प्रयत्न केला. चौथ्या वेळी हात मोडलेला होता. तो त्यांनीच धरून प्लेटवर सपाट ठेवला असणार, बोटं एकेक करून पसरली असणार. ती बाई कण्हली होती का? काहीच आठवेना. आठवत होता तो डोक्यावरचा स्कार्फ, तोंडावरचा मास्क आणि मास्कच्या वर खाली वळलेल्या पापण्या.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर आधी हसले. "फोटोताई, आतून सगळी माणसं सारखीच दिसतात."

"सुई पण सगळ्यांच्या सारख्याच ठिकाणी तुटते का?"

डॉक्टरांनी सहाही फोटो पुन्हा पाहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही. "मी वय बघतो हो. रेघ मिटलीय की नाही, एवढंच. सहा ठिकाणी माझी सही आहे." थोडं थांबून म्हणाले, "घाई करू नका. आधी खात्री होऊ द्या. उगाच आपल्याच पायावर धोंडा नको."

त्यांच्या आवाजावरून फोटोताईंना कळलं, की ही खात्री डॉक्टरांच्या हातून कधीच व्हायची नाही.

पुढच्या मंगळवारी बाराच्या सुमारास मावशी आल्या. मावशी म्हणजे आसपासची स्थळं जुळवणाऱ्या बाई. तोंडात कायम साखर. दवाखान्यात येताना बरोबर नेहमी एक झाकलेली मुलगी, हातात नीट भरलेला अर्ज.

"आमची भाची हो," मावशी म्हणाल्या. "लाजाळू आहे फार, बोलायची नाही."

"तुम्ही बाहेर बसा. आत एकालाच सोडतात," फोटोताई म्हणाल्या. नियम रोजचाच होता.

दार लागलं. बाहेरचा आवाज बंद झाला. मुलगी सवयीने स्टुलावर बसली आणि कुणी न सांगताच तिने उजवा हात प्लेटवर ठेवला, बोटं पसरून. यंत्राच्या उजेडाची चौकट त्या हातावर पडली. करंगळी वाकडी होती.

"हा हात माझ्या ओळखीचा आहे," फोटोताई म्हणाल्या.

हात हलला नाही. मास्कआडून आवाज आला, अगदी बारीक. "माहितीय. तुम्ही माझा खराखुरा फोटोपण काढला होता. चार वर्षं झाली."

"खराखुरा?"

"माझ्या नावाचा. मी रडत होते. तुम्ही म्हणालात, हलू नकोस बाळ, दुखणार नाही."

फोटोताई उठल्या. जुने फोटो कपाटात कागदी पाकिटांत होते. मुलीने वर्ष सांगितलं, महिना सांगितला. पाकीट सापडलं. उजेडावर धरलं, तर वाकडी करंगळी तीच, सुई मात्र अजून घुसलेली नव्हती. आणि मनगटात काळी रेघ. अशी उघडी, की शिकाऊ माणसालाही दिसावी. जास्तीत जास्त चौदा. खाली तेव्हाच्या डॉक्टरांची सही: अठरा पूर्ण. ते डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले होते. पण ही रेघ आपण त्या दिवशी पाहिली होती, हे फोटोताईंना लख्ख आठवलं. पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, रिपोर्ट लिहिणं आपलं काम नाही. आपण बरं, आपलं काम बरं.

त्या स्टुलासमोर बसल्या.

"मावशी कोण तुझी?"

"सासू." मुलगी हात तसाच ठेवून बोलत होती, जणू उचलला तर बोलणंही थांबेल. "आता नवे डॉक्टर लहान हाताला सही देत नाहीत. माझी रेघ मिटली. मग मला आणायला लागल्या. मोडला होता तेव्हा म्हणाल्या, मोडला तरी वय तेच दिसतं, चल."

"आणि ज्यांची नावं असतात त्या मुली?"

"गाडीत बसवतात. परतताना नवं वय पाठ करून घेतात त्यांच्याकडून." ती थांबली. "आजची वाटेत विचारत होती, फोटो काढताना दुखतं का. मी म्हटलं, नाही दुखत. सगळ्यांना मी तेच सांगते."

फोटोताईंनी अर्ज पाहिला. सातवं नाव. वय अठरा वर्षे दोन महिने. त्यांनी दार किलकिलं केलं.

"मावशी, पोरीच्या दातांचा पण फोटो लागेल. तिला पाणी प्यायला हवंय, ते पण गाडीतून मागवा. आणि गाडीवाल्याला नको, आत पुरुष सोडत नाहीत; गाडीत कुणी मुलगी असली तर तिला पाठवा बाटली घेऊन. तुम्ही इथून हलू नका, सही लागेल तुमची."

मावशींनी भुवई उंचावली. "दातांचा आजवर नाही लागला."

"नियम वरून येतात हो. मी काय, सांगकामी."

मावशींनी फोन काढून गाडीवाल्याला सांगितलं. पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून एक मुलगी बोळातून आली. बूट मोठे होते, चालताना टाच बाहेर येत होती. फोटोताईंनी तिला आत घेतलं, दाराची कडी लावली आणि लाल दिव्याचं बटण दाबलं.

आधी तिचा हात प्लेटवर ठेवला. पडद्यावर आला तो बाळाचा नव्हे, पण बाईचाही नव्हे असा हात: मनगटात खड्यांसारखी सुटी सुटी हाडं, मध्ये काळोख. बारा वर्षांची असेल-नसेल. मग त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला. मुलींच्या संरक्षणासाठी नेमलेल्या अधिकारी बाईंचा नंबर दारामागच्या तक्त्यावर कित्येक वर्षं लावलेला होता. तो त्या पहिल्यांदाच फिरवत होत्या.

"पोलिसांना घेऊन निघते," बाई म्हणाल्या. "तासभर तरी लागेल. दार उघडू नका."

तो तास फोटोताई मरेपर्यंत विसरणार नाहीत.

दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली. शिशातून येणारा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. "झालं का हो?" मावशींचा स्वर गोडच होता. "अगं, बाहेर ये." आणि त्यांनी अर्जावरचं नाव घेतलं. स्टुलावरची सून आणि ती लहान मुलगी, दोघींनी एकाच वेळी मान वर केली.

पुन्हा टकटक. आता मावशींनी दुसरंच नाव घेतलं, सहाव्या मुलीचं. चुकून घेतलं असेल. सून तरीही "आले" म्हणायला तोंड उघडून बसली. मग पाचवं नाव आलं. मग तिसरं. चूक नव्हती ती. मावशी न चिडता, न ओरडता, लेकराला जेवायला हाक मारावी तशा एकेक नाव घेत होत्या, आणि प्रत्येक नावाला ती अर्धी उठत होती. फोटोताईंनी तिचे खांदे धरून तिला खाली बसवलं.

"तुझं नाव काय? तुझं स्वतःचं?"

ती गोंधळली. ओठ हलले, थांबले. तिने डोळे मिटले, जुन्या घरात अंधारात कडी चाचपावी तसं काही तरी शोधलं, आणि मग एक नाव उच्चारलं. लहान मुलगी पटकन म्हणाली, "छान आहे की!" त्यावर ती रडायला लागली. दर वेळी पापण्या खाली वळवून निमूट हात पुढे करणारी ती, मास्क काढून हमसाहमशी रडली.

तेवढ्यात दारावर डॉक्टरांचा आवाज आला. "फोटोताई, उघडा. या बाई तक्रार करतायत."

"दिवा लाल आहे, साहेब."

मग डॉक्टरांच्या बुटांचा आवाज लांब जात गेला. ते दार उघडायला लावू शकले असते. नाही लावलं. चौकशीत त्यांनी तेवढीच गोष्ट आपल्या बाजूने सांगितली, आणि ती खरी होती.

अधिकारी बाई आल्या तेव्हा मावशी बाकावर हात मांडीवर ठेवून साळसूदपणे बसल्या होत्या. पळाल्या नाहीत. "मी तर लेकींचं कल्याणच केलं," एवढंच म्हणाल्या.

न्यायाधीशांसमोर सहा फोटो एका ओळीत लावले, सातवा त्या लहान मुलीचा आणि आठवा कागदी पाकिटातला. आठव्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. फोटोताईंनी स्वतः काढून दिला आणि सांगितलं, "ही रेघ मला तेव्हा दिसली होती." त्यासाठी त्यांना आठ महिने घरी बसावं लागलं. त्या काळात शेजारणी विचारत, कशाला सांगितलंत, कुणाला कळलं नसतं. फोटोताई म्हणत, "मला कळलं होतं ना."

मावशींना शिक्षा झाली. सून वसतिगृहात राहून शिवणकाम शिकवते. सुईचं टोक डॉक्टरांनी काढलं, करंगळी वाकडीच राहिली. बारा वर्षांची मुलगी शाळेत गेली; तिच्या आईने तिला परत घ्यायला दोन महिने लावले, पण घेतलं.

सहांपैकी चार मुली सापडल्या. एकीच्या कडेवर मूल होतं. चौघींनी परत यायचं की नाही, ते त्यांना विचारून ठरलं; तिघी आल्या. न सापडलेल्या दोघींच्या सासरच्या घरांना कुलूप होतं. शेजारी म्हणाले, राहायला गेले दुसरीकडे, कुठे ते माहीत नाही.

फोटोताई कामावर परतल्या त्याच आठवड्यात शोध घेणारा एक पोलीस खोलीत आला. त्या दोघींचे कागद त्याच्या हातात होते. शाळेत नाव नाही, घरी एकही छायाचित्र नाही, आईबाप तोंड उघडत नाहीत.

"ओळखायचं कसं त्यांना?" त्याने विचारलं. "तुमच्याकडे दोघींचे फोटो आहेत ना?"

फोटोताईंनी ते दोन्ही फोटो उघडून दाखवले. वर त्या मुलींची नावं होती, त्यांची गावं होती, तारखा बरोबर होत्या. आणि नावाखाली, दोन्हीकडे, वाकडी करंगळी.

"यांचा नाही हा हात," त्या म्हणाल्या.

"मग यांचं काय आहे?"

फोटोताईंनी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. त्या मुलींचं तिथे काहीच नव्हतं.