लिनोची पाटी

नेवियाच्या केबिनला खालची माणसं देवघर म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बसल्यावर गुडघे काचेला टेकतील एवढीशी जागा, तीही बांधकामाच्या क्रेनवर, दहाबारा मजले उंच. पण या बयेनं तिथं काय काय भरून ठेवलं होतं! समोर त्रसाटच्या चर्चमधल्या मेरी माउलीचं चित्र. शेजारी संत निकोला. आरशाला गुंडाळलेली जपमाळ. उजव्या हाताला बापाचा, म्हणजे लिनोचा फोटो: बंदरातल्या क्रेनच्या पायाशी उभा, टोपी मागे सारलेली, ‘बघताय काय, कामाला लागा’ असा चेहरा. आणि या सगळ्यांहून ज्याचा मान मोठा, ती पाटी. ती मागे, खुर्चीच्या पाठीशी असलेल्या लोखंडी दांड्याला नि शेजारच्या चौकटीला मिळून जाड तारेनं करकचून बांधलेली. आधी ती नुसती अडकवलेली असायची, पण दिवसभर खडखडायची आणि डोकं उठवायची, म्हणून बांधली.

पाटी पत्र्याची. लिनोनं स्वतः रंगवलेली आणि उभा जन्म आपल्या क्रेनमध्ये मिरवलेली. तिच्यावर लाल अक्षरांत होतं: ‘वारा उठला की आधी जखडा. मग विचार करा.’

समुद्राकाठच्या रियेका शहरात वारा म्हणजे बूरा. डोंगरावरून तो सरळ अंगावर कोसळतो. माणसं खांबाला धरून रस्ता ओलांडतात, आणि कुणाची टोपी गेली तर कुणी हसतसुद्धा नाही, कारण पुढची आपली असते. बंदरातल्या क्रेन रुळांवर चालतात. बूरा उठला की आधी लोखंडी चिमटे रुळांना आवळायचे, बाकी सगळं नंतर. लिनोचा जिवाभावाचा दोस्त रुडी एकदा चिमटे आवळायला विसरला. त्याची क्रेन वाऱ्यासरशी आपणहून रुळावरून धावत सुटली आणि धक्क्याच्या टोकावरून समुद्रात गेली, रुडीला घेऊन. लिनोनं ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्यानं पाटी रंगवली, आणि लेकीला बोलता यायच्या आधी ते वाक्य शिकवलं म्हणा ना.

लिनो गेला. जुनी क्रेन भंगारात निघाली आणि पाटी घरी आली. आई म्हणाली, “टाक ती माळ्यावर.” नेवियानं टाकली नाही. खरं तर तिला क्रेनवर चढायचंच नव्हतं. तिला पलीकडे इटलीत, त्रिएस्तेला जाऊन कपडे शिवायला शिकायचं होतं. पण बापानं तेव्हा ‘नाही’ म्हटलं ते म्हटलं, बॅग कपाटावर गेली ती गेली. आता बाप नव्हता, तरी ती चढत होती. सकाळी वर आली की फोटोला विचारायची, “बाबा, आज कसं?” आणि बाबांचा चेहरा नेहमी एकच उत्तर द्यायचा.

त्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. डोंगराच्या माथ्यावर ढगाची पांढरी टोपी दिसली, तेव्हाच बूरा येतोय हे कुणालाही कळायला हवं होतं. खालून वायरलेसवर एगिद्योकाकांचा आवाज आला. हे लिनोचे बंदरातले सोबती, आता इथं बांधकामावर भारे बांधायचे आणि ते कुठं न्यायचे हे वर नेवियाला सांगायचे.

“पोरी, टोपी घातलीय डोंगरानं. उतर आता.”

“एवढा एक सळयांचा भारा ठेवते, काका.”

“एकाचे चार होतात तुझे. बापाची सवय.”

“मग बापालाच विचारा.”

“विचारलं असतं गं, पण तो वर बसलाय आणि तूही वरच जायच्या बेतात आहेस!”

दोघंही हसली. भारा खाली टेकला, एगिद्योकाकांनी दोर सोडवला, तिनं हूक वर ओढून घेतला. आता उतरायचं तेवढं उरलं होतं, आणि तेवढ्यात पहिला झोत आला. कुणी क्रेनला खांद्यानं ढकलावं तशी ती हलली. दुसऱ्या झोताला जपमाळ आरशावर आपटायला लागली. शिडी उघड्या खांबाच्या आतून जात होती; या वाऱ्यात तिच्यावर पाय ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. नेविया वर अडकली.

आणि तिनं काय केलं? जे रक्तात होतं तेच. विचार करायच्या आधी हात गेला आणि क्रेनच्या आडव्या हाताच्या ब्रेकचं बटण तिनं दाबलं. हात जखडला.

“नेविया! ब्रेक लावलास का तू?”

“लावला, काका. घट्ट.”

“अगं सोड तो! सोड आधी!” म्हाताऱ्याचा आवाज फाटला. “ही बंदरातली क्रेन नव्हे! हिचे पाय जमिनीत गाडलेत, हिला कुठं पळायचंय? हात मोकळा हवा, चर्चच्या कळसावरच्या वारा दाखवणाऱ्या कोंबड्यासारखा! वाऱ्याबरोबर फिरला तर वाचशील. अडवून धरलास तर अख्खी क्रेन मुळासकट आडवी होईल!”

तिला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं, पासही झाली होती. पण परीक्षा वेगळी आणि बूरा वेगळा. हात मोकळा सोडायचा म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे रुडीची क्रेन रुळावरून पळायला लागायची. शेजारच्या इमारतींच्या गच्च्या, त्यांवरची वाळत घातलेली कापडं, आणि वरून हा लोखंडी हात भिरभिरणार, कुणाच्याच ताब्यात नसलेला. फोटोतला बाप बघत होता. “आधी जखडा,” तो म्हणत होता. खालून काका ओरडत होते, “सोड!” या दोघांच्या मधे ती घामानं भिजून बसली होती, आणि पायाखालचा खांब कण्हत होता.

वारा आता आडव्या हातावर बाजूनं आदळत होता. प्रत्येक झोताला केबिन एका अंगाला झुकायची आणि परत यायला मागच्यापेक्षा जास्त वेळ घ्यायची. एकदा ती झुकली आणि परत येतच नाही असं वाटलं. नेवियाच्या तोंडून शब्द निघाला तो “आई गं!” होता. बाबा नाही, माउली नाही.

तिनं ब्रेकचं बटण सोडलं. काही झालं नाही. तेव्हा कुठं तिला आठवलं: वाऱ्यासाठी हात कायमचा मोकळा करायचा तर खुर्चीमागची खिट्टी वर ओढावी लागते. ती वळली. खिट्टी म्हणजे तोच लोखंडी दांडा. आणि चौकटीसकट त्याला बापाची पाटी तिनं स्वतःच्या हातानं, पिळावर पीळ देऊन बांधली होती. खिट्टी तसूभर हलेना.

“काका, निघत नाहीये! पाटी आडवी आलीय!”

“कसली पाटी?”

“बाबांची!”

काका म्हणाले, अगदी हळू, “तोड, पोरी. लिनोला मी सांगतो. तोड ती.”

पक्कड खाली राहिली होती. तिनं बोटांनी पीळ उलगडायला घेतले. नख उलटलं, रक्त आलं, तार काही ऐकेना. केबिन पुन्हा झुकली, निकोला निखळून पायाशी पडला. मग ती उठली, खुर्चीत उलटी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी पाटीच धरली आणि स्वतःच्या बापाशी भांडावं तशी ओढायला लागली. “सोडा!” ती ओरडली. “सोडा मला, बाबा! किती धरून ठेवाल!” पत्रा वाकला, मधून दुमडला, जिथं भोकं पाडली होती तिथं फाटला. पाटी तिच्या हातात आली. तिनं ती टाकली आणि खिट्टी खेचली.

क्रेन वळली. आधी सावकाश, मग वेगानं. समुद्र आला, बंदर गेलं, डोंगर आला, आणि मग हात वाऱ्याच्या दिशेला लागून थांबला. कण्हणं बंद झालं. वारा फिरला की क्रेनही फिरायची, नेविया तिच्यासोबत. भीती गेली नव्हती, शिडी अजून बंदच होती. बूरा ओसरेपर्यंत दुपार टळली. तोवर ती त्या पेटीत कोंडलेली, कुठल्याही दांड्याला हात न लावता बसून राहिली, आणि हुंदके देऊन रडली.

खाली उतरली तेव्हा एगिद्योकाकांनी तिला मिठी मारली, शिवी दिली, पुन्हा मिठी मारली. बाकीचे छातीवर क्रूसाची खूण करत होते. “लिनोनं वाचवलं हो लेकीला!” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. काकांनी मात्र तिच्या रक्ताळलेल्या बोटांकडे पाहिलं. एकानं वर जाऊन तो वाकलेला पत्रा आणला आणि तिच्या हाती दिला, प्रसाद द्यावा तसा.

घरी तिच्या आधी बातमी पोचली होती. आई, म्हणजे लेना, दारातच उभी. डोळे सुजलेले, चुलीवर मानेश्त्र्याचं, म्हणजे दाट सूपचं भांडं, घरभर घेवड्याचा आणि लसणाचा वास.

“बस. आधी खा.” आईनं वाढलं आणि पाटीवरून हात फिरवला. “रविवारी त्रसाटला जायचं आपण. वादळातून वाचलेले खलाशी तिथं माउलीपाशी नवसाच्या वस्तू टांगतात, तिथं ही टांगायची. फादरना मी फोन केलाय. सगळी गल्ली येतेय.”

नेवियानं चमचा खाली ठेवला. वर निदान वारा होता. इथं तर आई होती. आता ‘हो’ म्हटलं की संपलं. सगळ्या गल्लीसमोर पाटी टांगली जाणार, वर्षानुवर्षं ‘बापानं वाचवलं’ म्हणून सांगितलं जाणार, आणि तिला जन्मभर त्याच क्रेनवर, त्याच फोटोसमोर बसावं लागणार. गप्प बसणं किती सोपं होतं! आई अशी हसताना तिनं बाप गेल्यापासून पाहिली नव्हती.

“नको टांगायला, आई.”

“का गं?”

“बाबांनी नाही वाचवलं मला.” नेविया म्हणाली. “बाबांचं ऐकलं म्हणून मी मरत होते. ही पाटी तोडली तेव्हा वाचले. त्यांच्या क्रेनवर ते बरोबर असेल, माझ्या क्रेनवर नाही. मी त्यांनाच ‘सोडा मला’ म्हणून ओरडले, आई. आणि मला परत वर जायचं नाहीये. कधीच.”

लेनानं पळी भांड्यात ठेवली. ती रडेल, ओरडेल, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का म्हणेल, अशी नेविया वाट बघत राहिली. लेना खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. लेकीची रक्ताळलेली बोटं तिनं हातात घेतली आणि पदरानं पुसावीत तशी आपल्या ॲप्रननं एकेक करून पुसली.

“घरातही तो असाच होता,” ती म्हणाली. “जरा कुठं काही हललं की आधी जखडायचा. वाईट नव्हता गं. घाबरायचा. एवढी वर्षं मला वाटत होतं, हे फक्त मलाच माहीत आहे.”